एका घरात एक भाकरी

थंडी पाठीवरून उतरून नुसती पहाटेपुरती उरली की गावाकडून फोन यायला लागतात. "रविवारी म्हाई हाय. यायचं. न्हाय म्हणायचं न्हाय." फोन करणाऱ्याला 'कशी आहेस' विचारायचीही सवड नसते. राजारामपुरीतल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत उभी राहून मी तो फोन घेते. खाली रिक्षा कोकलत असतात, समोरच्या क्लासमधून पोरांचा लोंढा बाहेर पडत असतो, आणि माझ्या नाकात मात्र कांडपाच्या चटणीचा ठसका लावणारा खाट शिरतो. त्यामागून गुऱ्हाळाचा गोडसर वाफाळ वास येतो. दोन्ही वास एकदम आले की समजायचं, म्हाईचे दिवस आले.

म्हाई म्हणजे आमच्या गावदेवीची जत्रा. देवळात नैवेद्य जातो, पण खरी जत्रा भरते घराघरांत. त्या दिवशी झाडून प्रत्येक चुलीवर मटण शिजतं, तांबडा-पांढरा रस्सा उकळतो, दुरडीत भाकऱ्यांची चवड वाढत जाते, आणि ओळखीचा-बिनओळखीचा जो दारात येईल तो पावणा. "पावणं, जेवल्याबिगर जायाचं न्हाय!" असं वाटेनं जाणाऱ्याला ओढून आणतात. उंबऱ्याबाहेर चपला किती, त्यावर घराची पत. आणि त्या चपलांत एक जोड पुढाऱ्याचा असावा, असं प्रत्येक घराला वाटतं.

आमच्या दारात तो जोड अठरा वर्षं येतो. साधा, मागून झिजलेला, बाईच्या पायाचा. त्या जोडाची मालकीण आता आमदार आहे, आणि मला तिचा हेवा वाटतो.

मी शिकलेली बाई आहे. हेव्याला खंत, विषाद असले इस्त्रीचे कपडे घालून बाहेर आणणं मला जमतं. पण नको. हेवा तो हेवा. आमच्या घरात माझ्या आधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी बी.ए. झाले, मग एम.ए., तेही राज्यशास्त्रात. सभागृहाचं कामकाज कसं चालतं, विधेयक किती वाचनांतून जातं, हे मी स्पर्धा परीक्षेच्या पोरांना रोज शिकवते. आणि त्या सभागृहात जाऊन बसली कोण, तर बारावीनंतर पुस्तकं मला देऊन बोहल्यावर चढलेली शालन.

शालन जैन गल्लीतली. पहिलीपासून आम्ही एका बाकावर. अकरावी-बारावीला वारणानगरला एस.टी.नं जायचो तेव्हा खिडकीची जागा आम्ही वाटून घ्यायचो, जाताना तिची, येताना माझी. कारखान्याचा हंगाम सुरू असायचा. उसाच्या ट्रॅक्टरांमागे एस.टी. अडकायची आणि ती ट्रॅक्टरवाल्याशी खिडकीतून बोलायला लागायची. "अण्णा, कुठल्या गावचा ऊस? तोड कवा आली?" मी मान खाली घालून वाचत बसायचे. मला वाटायचं, वेळ मी सत्कारणी लावते आहे.

बारावीचा निकाल लागला आणि तिचं लग्न ठरलं. दिलं गावातच. माहेर गल्लीच्या या टोकाला, सासर त्या टोकाला. लग्नाच्या आदल्या आठवड्यात ती पिशवी घेऊन आली. "वैशे, ही माझी वह्या-पुस्तकं. कोऱ्या पानांच्या वह्या बी हाईत. तू लिही." त्या कोऱ्या पानांवर मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाच्या नोट्स काढल्या. प्रत्येक वहीवर तिचं नाव होतं. ते मी खोडलं नाही. कागद चिकटवून झाकलं.

आणि ती सासरी भाकऱ्या थापायला लागली. इथं मला माझ्या आईबद्दल सांगायला हवं, कारण खरं दुखणं तिथं आहे.

आईनं मला चुलीपुढं कधी बसू दिलं नाही. मी परातीला हात लावला की ती हात झटकायची. "ऊठ. तुला भाकरी आली की लगीच तुझं लगीन ठरतंय. वाच जा." मी बाहेरच्या सोप्यात कंदिलासारख्या पिवळ्या बल्बाखाली वाचत बसायचे आणि आतून थापण्याचा आवाज यायचा, थप थप थप, आणि मग भाकरी तव्यावर पडल्याचा तो ओला चर्र. माझा सगळा अभ्यास त्या तालावर झाला आहे. मला बघायला एक पावणे आले होते. त्यांच्यातल्या म्हातारीनं विचारलं, "पोरीला भाकरी येती का?" आई म्हणाली, "न्हाय येत. बी.ए. येतंय." ते स्थळ चहा पिऊन गेलं ते गेलंच. वडील आठ दिवस आईशी बोलले नाहीत. मी मात्र ते वाक्य मेडलसारखं छातीवर लावून हिंडले. आजही राजारामपुरीत कोपऱ्यावरच्या बाईंकडून मी भाकऱ्या विकत आणते आणि मला त्याची लाज वाटत नाही. म्हणजे, वाटत नव्हती.

बी.ए.चा निकाल लागला त्याच वर्षी गावचं सरपंचपद बाईला राखीव झालं. देवळात बैठक बसली. गावात पदवीधर बाई एकच, मी. मला वाटलं, आता माणसं आमच्या दारात येणार. मी साडीसुद्धा बदलली होती. माणसं आली. पारावरचे दादू तात्या पुढं होते. घसा खाकरून म्हणाले, "पोरी, तुझं अक्षर चांगलं हाय म्हणत्यात. शालनचा अर्ज भरून दे की."

मी विचारलं, "तात्या, मी का नको?"

तात्यांनी आईकडं बघितलं, मग छताकडं. "तू काय बाई, आज हाईस, उद्या लगीन करून जाशील. गावानं काय तुझ्या मागनं फिरायचं?"

अर्ज मी भरला. उमेदवाराचं नाव, वय, पत्ता, शिक्षण बारावी. एकही खाडाखोड नाही. आमदार शालनअक्कांच्या राजकीय कारकिर्दीचा पहिला कागद माझ्या हस्ताक्षरात आहे, हे कुठल्या फलकावर छापलेलं नाही. ती समोर पाटावर बसून बघत होती. म्हणाली, "कसलं देखणं लिहितीस गं." मी पेन तिच्या हातात दिलं आणि सहीची जागा बोटानं दाखवली.

ती निवडून आली आणि दोन महिन्यांनी म्हाई आली. आता खरी गंमत होती. आमच्याकडं पुढाऱ्याची परीक्षा म्हाईला होते. तेव्हाचे आमदार एका दिवसात तीस-तीस घरं फिरायचे. प्रत्येक घरात पाटावर बसायचे, वाटीभर पांढरा रस्सा तोंडाला लावायचे, "वहिनी, मसाला कुठं केलासा?" म्हणायचे आणि उठायचे. जेवला तो आपला, न जेवता गेला तो परका, हा हिशेब पक्का. आणि शालन जैन. मटणाच्या घरचं पाणीसुद्धा त्या दिवशी तिला चालायचं नाही. पारावर खसखस पिकली होती. "सरपंचीण म्हाईला काय करणार? दारात रांगोळी काढणार?" हसणाऱ्यांत मीही होते. लिहून टाकते एकदाचं.

त्या दिवशी दुपारी आमचा सोपा माणसांनी भरलेला. शालन आली. पुरुषांनी सरकून खुर्ची दिली. ती खुर्चीला वळसा घालून सरळ आत आली, धुराच्या खोलीत, जिथं आई सकाळपासून भाकऱ्यांना जुंपली होती. पदर खोचला, हात धुतले. म्हणाली, "काकी, सरका जरा. मी खाईत न्हाय, पण एक भाकरी करती तुमच्या पावण्यांस्नी."

आई बघतच राहिली. आमच्या मधल्या दारातून आत आजवर एकही पुढारी आला नव्हता. त्यांच्या लेखी घर सोप्यात संपत होतं. शालननं गोळा घेतला, थापला, तव्यावर टाकला, वरून पाण्याचा हात फिरवला, उलटला. पाच मिनिटं. तेवढ्यात तिनं आईला विचारलं, गुडघा कसा आहे, नळाला पाणी किती वाजता येतं, रेशनचं तेल मिळालं का. आणि निघाली. "चला काकी, अजून सगळी गल्ली ऱ्हायलीया."

"बेस झाली गं बाई," आई भाकरीकडं बघत म्हणाली. "गोल गरगरीत."

दुरडीशेजारी ताटं पुसत मी उभी होते. त्या चुलीपुढची ती जागा माझी होती. मी ती शिक्षणासाठी सोडली होती, आणि ही येऊन तिथं बसली, आणि माझ्या आईचा चेहरा असा उजळला की तसा माझ्या निकालालाही उजळला नव्हता. ती गेल्यावर आईनं तिची भाकरी दुरडीत टाकली नाही. परत तव्यावर ठेवली, बराच वेळ दाबून दाबून शेकली. मला वाटलं, गरम राहावी म्हणून. मला वाटलं, बघा, आमच्या भाकऱ्या गार झाल्या तरी चालतात.

तेव्हापासून प्रत्येक म्हाईला, एका घरात एक भाकरी. आधी आमचं गाव, जिल्हा परिषदेवर गेली तेव्हा आजूबाजूची गावं. प्रत्येक गावाची म्हाई वेगळ्या दिवशी, म्हणजे हंगामभर ती पिठातच. सांजेला तिचे तळवे लालभडक झालेले मी पाहिले आहेत. बाकीचे पुढारी सोप्यातल्या पुरुषांशी बोलत राहिले आणि ही मधल्या दारातून आत जाऊन मतदारसंघ थापत राहिली. मी पोरांना शिकवते, प्रतिनिधित्व म्हणजे काय. व्याख्या फळ्यावर लिहिते. लिहिताना पिठाचे हात डोळ्यांपुढं येतात आणि खडू मोडतो.

विधानसभेला ती पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा पडली. मला आनंद झाला. तो फार मोठा नव्हता, एखादा गुळाचा खडा तोंडात ठेवावा तेवढा. बाहेरून दिसायचा नाही, पण विरघळायला वेळ लागला. त्या साली म्हाईला गेले तर गल्लीत चर्चा की यंदा काय ती येत नाही, कुठल्या तोंडानं येणार. आणि दुपारी ती आली. मागं गाड्या नाहीत, माणसं नाहीत, नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागं बसून. आत आली आणि चुलीपुढं उभी राहिली.

"काकी, पडली की हो मी."

आई म्हणाली, "पडंना. हात धू. पीठ मळून ठेवलंया."

एवढंच. शालन बसली आणि थापायला लागली, आणि थापता थापता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ती म्हणाली, "धूर लई झालाय." त्या दिवशी चुलीत सुकं लाकूड होतं, धूर नव्हता. मला माहीत होतं आणि आईलाही माहीत होतं. आईनं फुंकणी घेतली आणि नसलेला धूर घालवायला उगाच फुंकत बसली. मी दारात उभी. माझ्या तोंडातला खडा त्या क्षणी कडू झाला, हे खरं. पण त्याहून खरं हे की, मी एकदा परीक्षेत आपटून घरी आले होते तेव्हा आई फुंकणी घेऊन बसली नव्हती. म्हणाली होती, "अभ्यास कमी पडला तुझा."

गेल्या निवडणुकीत ती निवडून आली. मुंबईला गेल्यावर पहिल्या आठवड्यात तिचा फोन. "वैशे, लक्षवेधी म्हंजे काय गं? हितं सगळी अशी बोलत्यात जसं आयच्या पोटातनं शिकून आल्यात." मी अर्धा तास समजावलं. कशी सूचना द्यायची, मंत्र्यानं उत्तर कसं द्यायचं असतं, उपप्रश्न किती. आवाज अगदी प्राध्यापकी काढला. काही महिन्यांनी आमच्या क्लासमधल्या एका पोरीनं मोबाइल पुढं केला. "मॅडम, ह्या तुमच्या गावच्या ना?" शालन उभी होती, हातात कागद नव्हता. म्हणत होती, "आमच्याकडल्या ऊस तोडायला आलेल्या बाया फडात भाकरी थापत्यात, त्यांस्नी प्यायला पाणी कुठलं देता तेवढं सांगा." मी सांगितलेला एकही शब्द तिनं वापरला नव्हता. पोरगी म्हणाली, "किती भारी बोलतात ना?" मी म्हणाले, "पुस्तक काढा. पान उघडा."

हे सगळं यंदा फोन आल्यावर पुन्हा वर आलं. फोन शेजारच्या आनशीमावशीचा होता, आणि त्यात आणखी एक वाक्य होतं. "आईचा हात मोडलाय, गोठ्यात घसरली. तुला सांगू नगं म्हणालीया." भाऊ सैन्यात, वहिनी त्याच्यासोबत पार उत्तरेला. मी दोन दिवस आधीच गेले.

आईचा उजवा हात गळ्यात, प्लास्टरमध्ये. म्हाईच्या सकाळी आनशीमावशीनं आणि तिच्या सुनेनं दुरडीभर भाकऱ्या करून दिल्या आणि त्या त्यांच्या घरच्या चुलीकडं गेल्या. दुपारी एकच्या सुमाराला दुरडीचा तळ दिसायला लागला. सोप्यात आणखी एक पंगत येऊन बसली होती. आईनं डाव्या हातानं परात माझ्याकडं ढकलली.

"वैशे, बस."

"मी?"

"मग कोण? आमदार येऊस्तवर पावण्यांस्नी उपाशी बसवायचं व्हय?"

चाळिसाव्या वर्षी मी त्या पाटावर बसले. आई शेजारी, जिभेनं भाकरी करत होती. "पाणी कडकडीत घे. मळ. आणखी मळ. तळहातानं मळ की, बोटांनी काय कालवतीस." पहिली भाकरी फाटली. दुसरीचा आकार पुनर्रचनेनंतरच्या मतदारसंघासारखा, कुठं शेपूट तर कुठं खाच. तेवढ्यात बाहेर गाड्यांचे हॉर्न वाजले, सोप्यात माणसं उठल्याचा गलका झाला, आणि मधल्या दारातून शालन आत आली. मागं मोबाइल वर धरलेले दोघं-तिघं.

"काकी! हाताला काय करून घेतलासा?" आणि मग मला बघून, "वैशे, तू?"

"मी," म्हटलं.

ती हसली आणि माझ्याशेजारी बसली. बारावीनंतर पहिल्यांदा आम्ही पुन्हा एका बाकावर. तिनं गोळा घेतला. बोटं सराईत, नजर मात्र दाराकडं. कुणीतरी सोप्यातूनच विचारत होतं, "अक्का, पुढलं घर कुठलं?" भाकरी झाली, ताटात आली. फोटो निघाला.

"बेस झाली गं बाई," आई म्हणाली. "गोल गरगरीत."

मग माझी तिसरी उतरली. आईनं डाव्या हातानं तिचा तुकडा मोडला, तोंडात टाकला, चावला. "कड जाड हाय. मधी कच्ची. पाण्याचा हात नीट फिरवला न्हाईस. दुसरी कर."

फोटोवाले हसले. शालनही हसली. आणि सहज, अगदी सहज, तिनं आपली भाकरी उचलून मधून मोडली. वाफ आली. आत पीठ ओलं होतं, बोटाला चिकटलं. ती बघत राहिली.

"काकी, माझी बी कच्चीच हाय की."

आई चुलीतलं लाकूड पुढं सारत होती.

"दर साली अशीच व्हती व्हय?"

"गडबडीत असतीस बाई तू," आई म्हणाली. "मी शेकती मागनं."

"मग सांगायचं न्हाय? एवढी वर्सं?"

"पावण्याला कोण सांगतंय असलं?"

दुसरा गोळा माझ्या हातात होता. शालननं परातीकडं बघितलं. "मी बी दुसरी करू?" तिचा आवाज एस.टी.च्या खिडकीतला नव्हता, सभागृहातलाही नव्हता. आई म्हणाली, "नगं. गाड्या खोळंबल्यात. तुला अजून किती घरं हाईत."

ती उठली. हात धुतले, पदर सोडला. दारात थांबून तिनं मागं बघितलं. आईकडं नाही, माझ्याकडं, पिठानं भरलेल्या माझ्या कोपरांकडं. तो चेहरा मी ओळखते. अठरा वर्षं म्हाईहून परतताना गाडीच्या काचेत मी तो बघत आले आहे.

माझा हेवा गेला, असं मी लिहिणार नाही. खोटं होईल. ती खुर्ची मला अजून हवी आहे, आणि तो पहिला अर्ज आज पुन्हा भरायला बसले तर तिचं नाव घालताना हात अडखळेल. पण बाहेर गाड्या सुरू झाल्या तेव्हा मी दाराकडं बघत बसले होते, आणि आईनं प्लास्टरचा हात माझ्या पाठीत हाणला.

"बघत काय बसलीयास? तवा तापलाय."